हेमलताचं मनगट

"त्या आयकिडोच्या क्लासला आजपासून जायचं नाही," म्हणत श्रीरंगने हेमलताचं मनगट धरलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. वाद झाला की तो मनगट पिरगाळायचा आणि ती रडत माफी मागायची.

आज तिने हात ओढला नाही. स्वसंरक्षणाच्या त्या क्लासमध्ये आठ महिने शिकवलं होतं तशी ती त्याच्याच बाजूला एक पाऊल सरकली आणि तिने हात वळवला. श्रीरंग गुडघ्यांवर आला. हेमलता स्वतःच दचकली, पण तिने पकड सोडली नाही.

"सोड," तो कण्हत म्हणाला. "असली थेरं रस्त्यावर चालत नाहीत. गुंड काय हात धरून उभा राहतो?"

"रस्त्यावर माझा हात आजवर कुणी धरलेला नाही," ती म्हणाली. मग त्याला सोडून ती क्लासला निघाली.