क्लच हळू सोड

गाडी घुरघुरली, क्षणभर थरथरली आणि गप्प झाली.

"अगं, क्लच हळू सोड!" वरच्या मजल्यावरून सासूबाईंचा आवाज आला. त्या स्वयंपाकघरातूनच, न बघता बोलल्या होत्या. खाली गाडी बंद पडली की हे वाक्य त्यांच्या तोंडून शिंकेसारखं आपोआप निघायचं.

स्टिअरिंगवर त्यांचा मुलगा होता. सून शेजारी बसली होती, मांडीवर पर्स आणि डबा घेऊन.

त्याने पुन्हा चावी फिरवली. पुन्हा घुरघुर, पुन्हा शांतता. त्याची स्वतःची चावी इस्त्रीला गेलेल्या पँटच्या खिशात राहिली होती आणि इस्त्रीवाल्याचं दुकान अजून उघडलं नव्हतं. म्हणून आज नाइलाजाने तिची चावी. ही जुनी गाडी विकत घेतली तेव्हा दोन चाव्या मिळाल्या होत्या. बटणं असलेली मूळ चावी त्याच्या खिशात गेली आणि आधीच्या मालकाने कुठूनतरी बनवून घेतलेली साधी चावी तिच्या पर्समध्ये. तुला काय, कोपऱ्यापर्यंत तर जायचंय, असं तो म्हणाला होता आणि ते तिलाही पटलं होतं.

"थंड पडली असेल," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बॅटरी गेली वाटतं." मग खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत नजर टाकली आणि जे कळत नव्हतं त्याच्यावर रागावून बॉनेट आपटलं. जाता जाता टायरलाही एक लाथ बसली.

तिने घड्याळ पाहिलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शाखा उघडत होती आणि तिथला सगळा कारभार तिच्या हाती द्यायचा, असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या मनात होतं. पहाटेची पाळी, त्या वेळी बस नाही. उत्तर आज सकाळीच हवं होतं. रात्री जेवताना त्याने ताटातून मान वर न करता विषय मिटवला होता. "गाडी धड चालू करता येत नाही तुला. पहाटे तिकडे जाणार कशी?" नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, हेही तिने सकाळी केस विंचरताना ठरवून टाकलं होतं.

तो परत आत येऊन बसला. "हा लाल दिवा कसला लुकलुकतोय?"

"तो रोजच लुकलुकतो."

"मग बोलली नाहीस कधी?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, दिव्यांकडे बघू नकोस, पायाकडे लक्ष दे."

त्याने आणखी एकदा चावी फिरवली. गाडी मेली. "अगं हळू!" वरून आवाज आला. त्याने चावी उपसून डोळ्यांसमोर धरली, उलटसुलट करून पाहिली.

"चावीच भिकार आहे," तो म्हणाला. "त्या विकणाऱ्याने गळ्यात मारली आपल्या."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. किती सहज बोलला हा. तिच्या हातून गाडी बंद पडायची तेव्हा मागून हॉर्न वाजायचे, वॉचमन धक्का मारायला धावत यायचा, शेजारीण गॅलरीतून हसायची. मग हा खाली यायचा, तिला बाजूला करायचा, खिशातून स्वतःची चावी काढायचा आणि एका झटक्यात गाडी चालू करून म्हणायचा, "बघ." आणि ती बघायची. त्याचा हात बघायची, त्याचा पाय बघायची. चावी कोणती आहे, हे तिनेही कधी बघितलं नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली, आणि त्यातली अर्धी स्वतःवरच होती.

"उतरा," ती म्हणाली.

"कशाला? रिक्षा बघू या आता."

"उतरा आणि या बाजूला या."

तिचा आवाज त्याला ओळखीचा वाटला नसावा, कारण तो उतरला. जागा बदलल्या. तिने चावी घातली, अर्धी फिरवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. लाल दिवा लुकलुकत होता.

"आता काय, मुहूर्त बघतेस?"

हेही रोजचंच होतं. आपण मठ्ठ आहोत म्हणून आपल्याला वेळ लागतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं. तो हसायला लागला किंवा मागून कोणी हॉर्न दिला की तिचा धीर सुटायचा आणि दिवा विझायच्या आतच ती चावी फिरवून मोकळी व्हायची.

आज ती थांबली. दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि विझला; त्या साध्या चावीची गाडीला एकदाची ओळख पटली. तिने चावी पुढे फिरवली. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली.

तिने पर्समधून फोन काढला.

"बाई, मी आहे. नव्या शाखेचं विचारलं होतंत ना? घेते मी ते काम." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "पहाटे ना? गाडीने येईन. हो, माझी मीच."

फोन ठेवून तिने गिअर टाकला. वर सासूबाईंनी इंजिनाचा आवाज ऐकला होता. आता त्यांचा सूर चांगलाच खुलला होता.

"बघ गं, बघ! त्याने हात लावला की कशी मुकाट्याने चालू होते!"

"सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

त्याने मान बाहेर काढून वर पाहिलं. तोंड उघडलं. मग मान आत घेतली आणि खिडकीची काच वर केली.