बेलवरचं नाव

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच जर्मनीत, एर्लांगेनला माझ्याकडे आली होती. सुट्टी होती, म्हणून भर दुपारी तिला बांबेर्गच्या जुन्या गल्ल्या दाखवत होते.

एका घराच्या दाराशी ती थबकली. बेलच्या पाट्यांत एक पाटी होती: श्यामकांत देवधर.

"तनया, हे इथे कसे?" ती पुटपुटली. बाबांचं नाव तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. आत्ताही नाही.

मी अडवेपर्यंत तिने बेल दाबली.

इंटरकॉम खरखरला. "कोण?" मराठीतच.

"मी," आई म्हणाली, घरी रोज म्हणायची तशी.

"किती वाट पाहायला लावलीस!" आवाज बाबांचाच होता. "वर ये. तनयाला मात्र खालीच राहू दे."

दार उघडलं. आईने केस सारखे केले आणि माझ्या हातातला हात हळूच सोडवून घेतला.