वरचं बटण

"अहो, आज उठायचं," असं म्हणत तिनं कपाटाचा मधला खण ओढला.

पलंगावरून त्यानं मान वळवली. त्या खणात त्याची एकोणीस घड्याळं होती. सगळी जुनी, मनगट हललं की आपोआप चालणारी, आणि प्रत्येकाला उजव्या अंगाला दोन बटणं. वरचं दाबलं की लांब काटा सेकंद मोजत धावायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा; खालचं दाबलं की शून्यावर. नकाशे काढण्यात नोकरी घालवलेल्या त्या माणसानं ती कुठून कुठून हुडकून आणली होती. बटणं मात्र तो कधी दाबत नसे. झीज होते म्हणून.

पडून मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. आता चालला नाहीत तर सांधा धरेल, हे सांगून सांगून व्यायाम करून घेणारी बाई थकली होती. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पुन्हा पडू, अशी धास्ती त्याच्या मनानं घेतली होती. ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

तिनं नेमकं त्याचं लाडकं निळ्या तबकडीचं घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं आणि ते चालू व्हावं म्हणून हात दोन-चारदा हलवला.

"ठेव ते. आणि बटणाला हात लावू नकोस."

"मग दिलंय कशाला?"

"पन्नास वर्षांचं आहे. त्याचे पार्ट मिळत नाहीत आता."

"तुमचे मिळतात होय? तरी डॉक्टरांनी बसवलाच ना एक."

वॉकर पलंगाशी लावून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि खिडकीखाली स्टुलावर बसली. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं मुलींकडून शर्यती पळवून घेतलेली बाई ती. तिनं हात वर केला आणि वरचं बटण दाबलं.

"अगं, थांबव!"

"इथं येऊन खिडकीच्या कट्ट्याला हात लावलात की थांबवते. तोवर पळू दे."

तो चिडून उठून बसला. काटा फिरतच होता. इतक्या लांबून दिसत नव्हता, पण त्याला तो फिरताना कळत होता. त्यानं वॉकर धरला. एक पाऊल. मग दुसरं ओढत. निम्म्या वाटेत पाय लटपटला. ती स्टुलावरून अर्धवट उठली आणि तशीच परत बसली.

"बघू नकोस माझ्याकडे," तो म्हणाला.

"मी घड्याळाकडे बघतेय."

तो कट्ट्याशी पोचला तेव्हा घामानं निथळत होता. त्यानं तळहात दगडावर आपटला.

तिनं वरचं बटण दाबलं. "दोन मिनिटं, अकरा सेकंद."

त्यानं तिचं मनगट धरून जवळ ओढलं. मिनिटं मोजणारा इवलासा काटा दोनवर येऊन उभा होता. एवढ्या वर्षांत तो जागचा हललेला त्यानं पाहिला नव्हता. कितीतरी वेळ तो बघत राहिला. मग अंगठ्यानं स्वतःच खालचं बटण दाबलं. दोन्ही काटे झपकन जागेवर आले.

"बरोबर शून्यावर आले," तो हळूच म्हणाला.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं वळून पलंगाकडे पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला आणि वॉकर फिरवला.

"तू तिकडे जाऊन बस," तो म्हणाला. "आणि मी सांगेन तेव्हाच दाब."