मुंग्या

"टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या नि कालपासून हे तोंड शिवून बसलेत," काकू मेकॅनिकला म्हणाल्या. "एकदा चिडले की मी त्यांच्या वाटेलाच जात नाही. तू तेवढ्या मुंग्या घालव बाबा, म्हणजे बोलतील."

मोतीबिंदूमुळे काकूंना समोरच्या खुर्चीतले काकासुद्धा धूसरच दिसायचे.

मेकॅनिक आल्या आल्या त्या जुन्या डबड्याच्या मागे शिरला. अँटेनाची वायर सैल झाली होती, ती त्याने पिळून घट्ट बसवली.

"काका, गेल्या का मुंग्या?" त्याने मागूनच विचारलं. मग पडदा बघायला तो पुढे आला.

पडद्यावर एकही मुंगी उरली नव्हती.



काकांच्या उघड्या डोळ्यांकडे मात्र मुंग्यांची रांग लागली होती.