पडद्यावरचा काळा गोल

जीप भडगावच्या रस्त्याला लागणार, एवढ्यात यशोदाबाईने ड्रायव्हरला हाक मारून ती थांबवायला लावली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिचा नवरा रुपचंद आडवा पडला होता. दीड एकर उभी ज्वारी एकट्याने कापणारा माणूस तापाने वाळून चिपाड झाला होता. उजव्या बरगडीखाली बोट लावलं तरी कळवळायचा. लिव्हरला गाठ आहे, कॅन्सरच दिसतो, आता घरी न्या आणि आवडेल ते खाऊ घाला, असं मोठ्या दवाखान्यात सकाळीच सांगितलं होतं.

पण त्याच दवाखान्यातल्या नळावर यशोदाबाईने एका बाईकडून ऐकलं होतं. जळगावातच एका डॉक्टरीणबाईने मोठ्या दवाखान्यातही नसलेलं नवं मशीन आणलं आहे आणि पोट न फाडता त्यात आतलं दिसतं.

पुढे बसलेला तिचा दीर देवचंद मागे वळला. त्याचे डोळे रडून सुजले होते. भावाचा जीव घरात, आपल्या माणसांत जावा, एवढंच आता त्याच्या मनात होतं. वाटेत काही झालं तर गावाला काय तोंड दाखवायचं, असं तो म्हणाला. यशोदाबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"घर ते जानंच शे, भाऊ," ती म्हणाली. "पहिले ते मशीन."

जीप मागे फिरली.

डॉक्टर कुंदा सोनवणे वयाने लहान होती, मुंबईहून शिकून नुकतीच गावी परतलेली. मशीन आलं तरी पेशंट फारसे येत नव्हते. जुने डॉक्टर हाताच्या बोटांवर जास्त भरवसा ठेवायचे. तिने खिडकीचे पडदे ओढले, रुपचंदच्या पोटावर गार मलम चोपडलं आणि हातातला ठोकळा बरगडीखाली टेकवला. पडद्यावर राखाडी भुरभुर हलू लागली. यशोदाबाईला त्यात काहीच कळेना. ती डॉक्टरीणबाईचं तोंडच बघत राहिली.

ते तोंड एकाएकी स्थिर झालं. तिने ठोकळा तिरका केला, रुपचंदला श्वास धरायला सांगितला, पुन्हा पाहिलं. मग यशोदाबाईला जवळ बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. राखाडी भुरभुरीच्या मधोमध एक काळा गोल होता, भाकरीएवढा.

ही गाठ नसावी, असं तिने सांगितलं. हा पू असावा. जंतासारखा एक बारीक जीव पाण्यातून पोटात जातो आणि लिव्हरमध्ये असं गळू करतो. सुईने पू काढला आणि औषध दिलं की माणूस उठून बसतो. मात्र ही गाठच निघाली तर सुईने आत रक्तस्राव होऊ शकतो, हेही तिने लपवलं नाही. शेजारच्या दवाखान्यातल्या सर्जनना तिने निरोप धाडला आणि तुम्ही ठरवा म्हणाली.

देवचंद भिंतीला टेकला. "वहिनी, बस करा आते. भाऊले आखो तरास नको."

यशोदाबाई नवऱ्याकडे वळली. त्याने डोळे उघडले, पण बोलायची ताकद नव्हती. त्याने फक्त तिचा हात धरला. आजवर जमीन घेण्यापासून लेकीच्या लग्नापर्यंत सगळं पुरुषांनी ठरवलं होतं. आज ठरवायला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा त्या काळ्या गोलाकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाले ते नक्की दिसस का?"

"दिसतंय, अक्का. पू आहे, असंच माझं मन सांगतंय."

"मंग काढा."

सर्जन आले. त्यांनीही वाकून पडदा पाहिला. जागा बधिर करून कुंदाने लांब सुई बरगड्यांमधून आत सारली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. सुईचं पांढरं टोक त्या काळ्या गोलात शिरलेलं यशोदाबाईलाही दिसलं.

डॉक्टरीणबाईने सिरिंजचा दांडा मागे ओढला. आत तपकिरी, काकवीसारखं घट्ट काहीतरी चढू लागलं.

"पू," सर्जन म्हणाले. एवढंच. मग त्यांनी कुंदाच्या पाठीवर हात ठेवला.

सिरिंज भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. ट्रे भरला, तसा दुसरा आणला. पडद्यावरचा गोल डोळ्यांदेखत आकसत होता, ताटातल्या भाकरीचा सुपारीएवढा तुकडा उरावा तसा. आणि रुपचंदने, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, छाती भरून श्वास घेतला. देवचंद खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. कुंदाने तोंड फिरवून चष्मा पुसला. हसू तिला आवरता येत नव्हतं.

दोन दिवसांनी गावाकडून एक टेम्पो सर्जनांच्या दवाखान्याच्या दारात थांबला. रुपचंदला घरी आणणार होते, आणलं नाही, तेव्हा तो गेलाच असं धरून सगळे भावबंद निघाले होते. बायका पदर तोंडाला लावूनच खाली उतरल्या.

यशोदाबाई पायरीवर आली. आत रुपचंद उशीला टेकून वरणभात कालवत होता. तिने कपाळावरचं ठसठशीत कुंकू नीट केलं आणि रडायला आलेल्या साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रडाले उनात ना बठ्ठा जन? आते जेवीसनच जा."