रंगीत तक्ता

"शलाका, तू सोडून सगळ्यांनी आपापले बग दुरुस्तीला घेतले. कामाच्या ऑनलाइन तिकिटात तक्ता टाकलाय ना मी!" भर मीटिंगमध्ये निरंजनचा आवाज चढला.

त्या तक्त्यावर त्याचा जीव होता. एकेक उभी रेघ टाइप करून जुळवत, रकाने जोडत त्याने अख्खी सकाळ घालवली होती. सॉफ्टवेअरच्या पास चाचणीचा रकाना हिरवा, नापास चाचणीचा लाल. आत एकही शब्द नाही. साहेबांनीसुद्धा वाहवा केली होती.

शलाकाने हेडफोन काढला आणि लॅपटॉपचा आवाज मोठा केला. तिला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं तिला मशीन वाचून दाखवतं. मशीन तक्ता वाचू लागलं. "लॉगिन, ब्लँक. पासवर्ड, ब्लँक. पेमेंट, ब्लँक."

कुणीतरी खाकरलं. मशीन थांबलं नाही. तक्त्याखाली शलाकाने लिहून विचारलं होतं, "निरंजन, निकाल शब्दांत लिहिशील का?" त्यावर कुणी विचारलंय हेही न बघता त्याने ठोकलेलं उत्तर त्याच सपाट आवाजात खोलीभर ऐकू आलं: "सगळं स्पष्ट आहे. जरा नीट बघत जा."

संध्याकाळी रोजच्यासारखं तिला लिफ्टपर्यंत सोडायला तो तिच्या टेबलापाशी आला खरा, पण तिला धरायला कोपर पुढे करायचा धीर होईना. एरवी याच कोपराचं त्याला केवढं कौतुक वाटायचं!

"आलास ना?" शलाका म्हणाली. "मग बोल की काहीतरी. नुसता उभा राहिलास तर मला कसं कळणार?"