जबड्यातली चरबी

"इथपासून इथपर्यंत हाड काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. एक्स-रेवर त्यांचं बोट हनुवटीपासून निघालं आणि पार कानापाशी जाऊन थांबलं.

ट्रम्पेटवाल्याने दोन्ही हातांनी जबडा धरला. मिसरूड फुटल्यापासून तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होता. जबडाच गेला तर फुंकणार कशाने?

"पण गाठ साधी आहे म्हणालात ना?" बायकोने विचारलं.

"दिसते साधीच. आत नुसत्या चरबीने फुगलेल्या पेशी आहेत. रक्तात चरबी फार झाली की क्वचित कुणाच्या जबड्यात असं होतं. तसं असतं तर खरवडून काढलं असतं, पथ्य सांगितलं असतं, संपलं. पण यांचे रिपोर्ट बघा! रक्त कसं, पैलवानासारखं. मग ही चरबी आली कुठून? आत दुसरं काही दडलं असेल तर?"

बायकोने रुमाल डोळ्यांना लावला. "चरबी उतरावी म्हणून दोन वर्षं उकडलेला डबा खाल्ला हो बिचाऱ्याने. चकार शब्द काढला नाही."

बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. शेजारी त्याचा मेहुणा, बँडमधला ढोलवाला, छताचा पंखा अगदी मन लावून बघत होता. एकीकडे जबडा, दुसरीकडे बायको. ट्रम्पेटवाल्याने जबड्याच्या बाजूने कौल दिला.

"डॉक्टर, ते रक्त माझं नाही. याचं आहे."

तपासणीसाठी रक्त न्यायला लॅबचा माणूस सकाळी घरी यायचा. बायको फिरायला गेलेली असायची. मेहुणा बाही वर करून तयार.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे सुई मागवली. ट्रम्पेटवाल्याचं खरं रक्त यंत्रात फिरवून आणलं, तर नळीत वर दुधासारखं पांढरं.

"वा!" डॉक्टर खुश झाले. "जबडा वाचला तुमचा."

"आणि माझा डबा?" बायकोने हळूच विचारलं. तिचा हा हळू आवाज ट्रम्पेटवाल्याच्या चांगला ओळखीचा होता.

"डबा मी खायचो, ताई," मेहुणा पुटपुटला. "भाऊजी समोरच्या दुकानातलं तळलेलं खायचे. माझी चरबी तर त्यांच्यापेक्षा जास्त होती. तुझ्या डब्यानेच उतरली. म्हणून तर भाऊजी म्हणाले, रक्त तू दे."

ट्रम्पेटवाल्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

मग बायकोचा आवाज आला, चक्क आनंदाने भरलेला.

"बघितलंत डॉक्टर? डबा लागू पडला होता! फक्त तोंड चुकलं."